पत्त्यांच्या पानाएवढा दाखला

स्वस्ति श्री! अखिल-ऋणविहीन-कुलावतंस, बोरी-बुद्रुक-ग्रामभूषण, कांदा-वखार-रक्षक-सुत, सप्तसमुद्रोल्लंघनवीर, प्लास्टिकपत्रधारकशिरोमणी, सांप्रत मधुमेह-रक्तदाब-उभयमंडित असे अस्मादिक आपल्या सकल अनुयायीवर्गास (संख्या अत्यल्प, त्यांतले निम्मे मेहुणे) सविनय निवेदन करतात की... परवा नारायणगावात पाकीट घ्यायला गेलो होतो.

पाकीट घेतलं. दुकानातच जुन्यातला ऐवज नव्यात भरू लागलो. सगळं बसलं, एकच वस्तू बसेना. दुकानदारानं ती उलटसुलट करून पाहिली. "भाऊ, हे कंचं कार्ड म्हनायचं? लई रुंद हाय. कडंनी छाटू का?"

त्यानं कात्री उचलली... आणि अस्मादिकांच्या कंठातून जो ध्वनी निघाला, त्यानं समोरच्या रसवंतीचा चरकही क्षणभर थांबला.

त्या वस्तूचं आख्यान असं. सन दोन हजारच्या सुमारास कंपनीनं मला अमेरिकेत, ओहायोला धाडलं. तिसऱ्या महिन्यात साहेब म्हणाले, पुढचं काम दुसऱ्या शहरात आहे. हॉटेल, भाड्याची गाडी, सगळं स्वतःच्या क्रेडिट कार्डावर करायचं, कंपनी मागाहून भरून देईल. महिनाअखेरपर्यंत कार्ड नसेल तर दुसरा माणूस जाईल... आणि दुसरा गेला की माझी रवानगी मायदेशी, हे त्यांनी न बोलताच सांगितलं.

अर्ज केला. नामंजूर! कारण काय, तर अर्जदारानं आजवर कधीच कर्ज घेतलेलं नाही. ज्या सद्गुणामुळे आमच्या कुळास बोरीत उच्चासन, त्याच सद्गुणामुळे तिथे आम्ही संशयित ठरलो.

परंतु गावाकडच्या पतसंस्थेचा विधी मला मुखोद्गत होता. दोन जामीनदार न्यावेत, त्यांना चहा पाजावा, काम होतं. त्यानुसार खोलीतले दोन सोबती, एक तेलुगू, एक पंजाबी, इस्त्रीचे शर्ट घालायला लावून बँकेत नेले. काउंटरमागच्या बाईंनी विचारलं की तुमच्यापैकी कार्ड नक्की कोणाला हवंय? जामीनतत्त्व विशद करताना पंजाबी गृहस्थानं भावनावेगानं छातीवर हात मारला... आणि सुरक्षारक्षक दोन पावलं जवळ सरकला.

रविवारी गावी फोन लावला. आमच्या घरी फोन नव्हता. आप्पा, म्हणजे माझे वडील, ठरल्या वेळी शेजारच्या तात्यांच्या ओसरीत येऊन बसत.

"म्हंजी कुनाचं देनं न्हाई, म्हनून उधार द्यायचं न्हाई? आसं कुटं आसतं व्हय?"

"इथे मला कोणी ओळखत नाही, आप्पा."

"वळखत न्हाई म्हंजी? आरं, आमी हाये की. केवढं आसतं त्ये कार्ड?"

"पत्त्यांच्या पानाएवढं," मी बोलून गेलो.

पुढे त्याच बँकेतल्या बाईंनी मार्ग काढला. स्वतःचेच पैसे बँकेत ठेव म्हणून ठेवायचे आणि त्यांच्या बळावर स्वतःलाच उधारी मिळवायची. हा अद्वैतसिद्धान्त मला तत्काळ पटला. महिनाअखेरीला दोन दिवस उरले असताना कार्ड आलं.

नव्या शहरात हॉटेलच्या काउंटरवर ते प्रथमच घासलं. बोरीत एस.टी.तून परका उतरला, तरी पारावरून कोणीतरी विचारतंच, "कुनाकडं आलं, पावणं?" त्या यंत्रानं काहीच विचारलं नाही. किल्ली हातात आली... यश अपार होतं, सांगायला कोणी नव्हतं.

काम संपवून परतलो तेव्हा पत्रपेटीत गावचा लिफाफा पडला होता. आत सरपंचांचा दाखला. "सदर इसमास मी लहानपणापासून ओळखतो. वर्तणूक उत्तम. कोणाचेही देणे नाही." ज्या अपराधापायी अर्ज फेटाळला गेला, त्याचाच साक्षांकित कबुलीजबाब!

सोबतच्या चिठ्ठीत सगळा इतिहास होता. मूळ दाखला मोठा. तो खिशात चुरगळेल म्हणून आप्पांनी जुन्नरला जाऊन झेरॉक्सवर लहान करून घेतला. मापाला पारावरच्या कॅटमधला चौकटचा गुलाम नेला. (पारावरचा डाव तेवढे दिवस बंद.) झेरॉक्समध्ये शिक्का काळा आला, आणि काळा शिक्का म्हणजे शिक्काच नव्हे... म्हणून गावी येऊन पुन्हा जांभळा मारून घेतला. मग लॅमिनेशनसाठी परत जुन्नर.

दाखल्याच्या डाव्या कडेला बॉलपेननं, आप्पांच्या अक्षरात, तात्यांचा फोन नंबर. खाली, "अडचण आल्यास आप्पास बोलावणे."

रविवारी त्यांचा पहिला प्रश्न हाच. "चाललं का रं?"

"चाललं, आप्पा. दाखवल्याबरोबर कार्ड दिलं."

"मंग! जांभळा शिक्का हाय म्हनलं त्यो!"

त्या दिवसापासून अस्मादिकांनी सत्यवचनी या बिरुदाचा त्याग केला.

त्यानंतर कितीतरी कार्डं आली, मुदत संपून कात्रीखाली गेली. या एकावर मुदतच छापलेली नाही. आप्पांना जाऊन नऊ वर्षं झाली. तात्यांचा तो नंबर मध्यंतरी एकदा लावून पाहिला... अस्तित्वात नाही, असं रेकॉर्डवरची बाई म्हणाली.

असो. तक्रार पाकिटाची आहे. जुन्या पाकिटाच्या खणाची शिवण उसवलेली होती, म्हणून दाखला त्यात मावत असे. नव्यात तो अर्धं बोट जास्त होतो. नोटांच्या खणात ठेवला तर दर नोटेबरोबर बाहेर पडतो. उजवीकडून छाटावा तर शिक्का जातो, डावीकडून छाटावा तर आप्पांचं अक्षर. दुकानदार म्हणतो, विकलेला माल परत घेत नाही. तूर्तास दाखला शर्टाच्या खिशात ठेवला आहे... आणि जरा वाकलं की त्याचा कोपरा छातीत टोचतो.