चाचांची आखूड जीप आणि माझे डिझेलचे कॅन

"ओढणं सोपंय ताई, थांबवणं अवघड," असं म्हणत चाचा ट्रॉलीचा दांडा दोन्ही हातांनी गुडघ्याइतका उचलायचे आणि डोळे मिटून तसेच उभे राहायचे. वजन बराबर पुढे आलंय की नाही, ते त्यांच्या हातांना कळायचं. माझ्या अंगाची मात्र लाही लाही व्हायची. माझा जनरेटर भाड्यानं द्यायचा धंदा, आणि तो ट्रॉलीत घालून चाचा आपल्या जीपमागे ओढून न्यायचे. भोकरदनच्या आसपास लग्न निघालं की मला फोन येणारच. तिकडे नवरदेव घोड्यावर बसलेला, आणि इकडे हे गृहस्थ डोळे मिटून उभे!

जीप लिलावातली, मिल्ट्रीची, आखूड चेसिसची. तुम्हीही पाहिल्या असतील तसल्या, पुढून रुबाबदार आणि मागून अर्ध्यातच संपलेल्या. चाचा समजावून सांगायचे की गाडी आखूड आणि मागचं ओझं जड असलं की ओझंच गाडीला हाकतं. ट्रॉलीत वजन मागे गेलं तर ती शेपूट हलवते, फार पुढे आलं तर जीपचं तोंड उचलतं आणि स्टिअरिंग हलकं पडतं. म्हणून जनरेटर चाकांच्या किंचित पुढे आणि डिझेलचे कॅन त्याच्याही पुढे, हा त्यांचा नेम. घाट ज्या गिअरात चढायचा, त्याच गिअरात उतरायचा. चाचा, बैलगाडीसुद्धा आपल्याला मागे टाकेल, असं मी चिडवायचे.

"टाकू द्या. बैल बी घरी जाऊन राह्यला, आपल्याला बी घरीच जायचंय."

एका जागी बसणं त्यांना ठाऊक नव्हतं. चहासुद्धा उभ्यानं, तोही कप घेऊन जीपभोवती फिरत. हूक, साखळी, टायर, पुन्हा हूक. चाची म्हणायच्या की यांच्या निकाहातही हे दोनदा उठून गाडी बघून आल्ते. खरं-खोटं त्यांनाच माहीत.

आता जे सांगायचंय ते सांगते. घाटाखालच्या एका गावात गोरज मुहूर्ताचं लग्न होतं. चाचांनी सकाळीच ट्रॉली भरली, दांडा तोलला, हूक लावला आणि ते दुपारच्या नमाजला गेले. तेवढ्यात मुलीच्या बापाचा फोन आला की दोन कूलरही घेऊन या. कूलर मोठे, पण वजनाला हलके. जागा कुठे होती? मी पुढचे डिझेलचे चारही भरलेले कॅन उचलून पार मागे ठेवले, पुढे कूलर बसवले आणि वरून ताडपत्री आवळली. एवढ्यानं काय होतंय, असं मला वाटलं. मलाच वाटलं, दुसऱ्या कुणाला नाही.

चाचा आले. ताडपत्री पाहून म्हणाले, एकदा हूक काढून दांडा बघतो. मी त्यांच्यावर खेकसले. सकाळी बघितलाय ना, चला जल्दी, लोक खोळंबलेत. ते स्टिअरिंगवर बसले आणि मी शेजारी.

घाटाच्या दुसऱ्या वळणानंतर उतार लागला आणि मागून झोला बसला. मग दुसरा, आधीपेक्षा मोठा. ट्रॉली डावी-उजवीकडे जायला लागली आणि जीपचा मागचा भाग तिच्याबरोबर फेकला जायला लागला. समोरून एसटी येत होती. मी ब्रेक मारा म्हणून ओरडत होते. चाचांनी ब्रेकला पाय लावला नाही. लावला असता तर ट्रॉली आडवी होऊन आम्हाला दरीत घेऊन गेली असती, हे मला नंतर कळलं. त्यांनी नुसता ॲक्सिलरेटर सोडला आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं. हाताच्या शिरा टरारून फुगल्या होत्या. एसटी हातभर अंतरावरून गेली. ट्रॉलीचं एक चाक चरात उतरलं आणि आम्ही थांबलो.

चाचा खाली उतरले आणि दगडावर बसले. गाडीबाहेर बसलेलं मी त्यांना पहिल्यांदा त्याच दिवशी पाहिलं.

"अंदाज चुकला ताई. चाळीस वरसात पहिल्यांदा. हात गेले माझे."

कॅन मी हलवले, एवढे तीन शब्द. माझ्या तोंडाशी आले होते. पण फोन वाजत होता, लग्नघरचा ट्रॅक्टर आम्हाला ओढायला आला होता, चार माणसं जमली होती. ते शब्द गिळून मी फोन उचलला. मांडवात पोचल्यावर चाचा बाजूला निंबाखाली पडून राहिले आणि कॅन मी घाईघाईनं स्वतः उतरवले. देवा, काय बाई आहे मी!

त्यानंतर ते दांडा उचलायचे, ठेवायचे, पुन्हा उचलायचे. सामान उतरवून परत भरायचे. मी उशिराबद्दल एक अवाक्षर काढत नव्हते, तरी त्यांना भरोसा येत नव्हता. एक दिवस कळलं, जीप विकली. मी दुसऱ्याची पिकअप लावली.

घाटातल्या त्या दिवसानंतर आठ महिन्यांनी मी त्यांच्या घरी गेले. चाची गुडघे धरत रिक्षातून उतरत होत्या. दवाखान्यात एकट्याच गेल्या होत्या. दारात चाचांची स्कूटी होती, धुळीनं माखलेली. चाची म्हणाल्या, हे मला मागे बसवत नाहीत, हातावर भरोसा नाही म्हणतात.

मी उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं. कॅन, कूलर, ताडपत्री, सगळं. मग चाचांनी मला विचारलं, किती कॅन? भरलेले का रिकामे? चाकाच्या किती मागं? मी हातानं अंतर दाखवलं. त्यांनी मनाशी हिशोब लावला आणि मान हलवली.

"मंग डोलणारच. बराबर आहे."

ते उठले, खांद्यावरच्या रुमालानं स्कूटीची सीट पुसली आणि चाचींना म्हणाले, "बस."

गल्लीतून ते दोघं हळूहळू गेले आणि वळून परत आले. चाची हसत होत्या. चाचांनी गाडी स्टँडला लावली. डोळे पुसले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "जीप इकायच्या आधी सांगितलं असतं ताई, तर लई बरं झालं असतं."

चाचींनी चहा दिला, तो मी उभ्यानंच प्याले.

त्यानंतर चार महिन्यांनी चाचा गेले. चाची सांगतात, त्या चार महिन्यांत चाचांनी त्यांना स्कूटीवरून सगळीकडे फिरवलं. बाजारात, दवाखान्यात, लेकीकडे. त्याआधीचे आठ महिने मात्र मी खाल्ले, आणि ते मला अजून पचलेले नाहीत.