पाय लागलेला कागद

मी मेलेल्या झाडांच्या गोदामात काम करते. पुण्याला आईला फोनवर असंच सांगते, म्हणजे तिचे पुढचे प्रश्न टळतात. नेदरलँड्समध्ये वनस्पतिशास्त्र शिकायला आले, डॉक्टरेट केली आणि आता एका संग्रहालयात जाड कागदांवर चिकटवलेल्या वाळक्या फांद्यांचे फोटो काढते. खोलीला खिडकी नाही, बाराही महिने स्वेटर. कीड लागू नये म्हणून पूर्वी या फांद्या पाऱ्याच्या विषात बुडवून वाळवत, त्यामुळे हातमोज्यांशिवाय कशालाही हात लावायचा नाही, हा इथला पहिला नियम.

त्यातल्या एका कागदावर आमच्या सरांचा जीव होता. इथे सगळे साहेबाला नावाने हाक मारतात, मीही मारते, पण मनात ते सरच. कागदावरचं झुडूप फार दूरच्या एका बेटावरचं, जगात फक्त तिथेच उगवणारं. जहाजांनी सोडलेल्या शेळ्यांनी ते खाल्लं, माणसांनी सरपणाला तोडलं. शेवटचं उरलेलं झुडूप सरांनी तरुणपणी तिथे जाऊन पाहिलं होतं. त्याच्या छाटण्या इथे आणून लावल्या, त्या कुजल्या. मागाहून तिकडचं झुडूपही वाळून गेलं.

कागदाच्या कोपऱ्यात एक लहान पाकीट होतं आणि त्यात फांदीवरून गळलेल्या मोजक्या बिया. हा संग्रह विष न लावलेला, अशी आमच्याकडे पूर्वापार समजूत. म्हणजे त्या बिया जिवंत असण्याची अंधुक का होईना, आशा होती. पेरायची परवानगी मिळवता मिळवता सर निवृत्तीला आले. परवानगी आली त्या दिवशी कॉफी घेताना ते म्हणाले, "मला त्याचं एक हिरवं पान बघायचंय. बाकी काही नाही." एरवी हवापाण्यापलीकडे न बोलणारा माणूस.

पेरणीच्या आदल्या दिवशी तो कागद फोटोसाठी माझ्याकडे आला. फोटो झाला, जेवायला जायचं म्हणून मी हातमोजे काढले आणि माझ्याच कोपराचा धक्का लागून कागद ट्रॉलीवरून खाली घसरला. बुटाचं टोक त्याला लागलं. मी वाकले, उजव्या हाताची बोटं कागदाला लावली, मग कपाळाला, मग डोळ्यांना. वहीला, पुस्तकाला पाय लागला की लहानपणापासून हेच करत आले. हाताला कुणी विचारायला जात नाही.

सर दारात उभे होते.

"हे काय केलंस?"

"पाय लागला. माफी मागितली."

"कागदाची?"

"हो."

ते हसले नाहीत. "डोळे धू. आत्ता."

"पण हा तर विष न लावलेला आहे ना?"

"तुझ्या डोळ्यांचा प्रश्न आहे. तो समजुतीवर सोडायचा नाही."

मी तोंड धुऊन आले तोवर त्यांनी तपासणीचं यंत्र आणलं होतं. ड्रिल मशीनसारखं दिसतं ते, कागदावर टेकवलं की आत काय आहे ते सांगतं. पारा निघाला. भरपूर. सरांनी यंत्र पाकिटावर धरलं. तिथेही पारा. ओली फांदी बियांसकट विषात बुडवली होती, बिया नंतर गळल्या. ज्याने कीड मरते त्याने बीही मरते. ज्याने कुणी त्या फांदीची एवढी काळजी घेतली, त्याचा मला त्या क्षणी भयंकर राग आला.

हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, फोन केला तर पाणी पी आणि त्रास झाला तर पुन्हा फोन कर, असं उत्तर मिळालं. हा देश सगळ्याच आजारांना तेच सांगतो. घरी लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, that's so unhygienic." तिच्या दृष्टीने विषय संपला.

सरांनी बिया तरीही पेरल्या. परवानगी आहे तर पेरायच्या, म्हणाले. काचघरातली ती कुंडी आम्ही दोघं आळीपाळीने बघायचो, पण एकमेकांशी त्याबद्दल बोलत नव्हतो. एका सकाळी मातीवर हिरवं दिसलं. मी धावत जाऊन सरांना बोलावून आणलं. त्यांनी चष्मा लावला, वाकून पाहिलं, नखाने हलकेच खरवडलं. शेवाळ होतं.

"हरकत नाही," ते मला म्हणाले. मला ते ऐकवेना.

निरोपाच्या दिवशी केक कापून झाला, भाषणं झाली. मग सर मला काचघरात घेऊन गेले. नियमाप्रमाणे ती माती विषारी कचऱ्याच्या डब्यात टाकायची होती, आणि ते काम त्यांना दुसऱ्या कुणाकडून करून घ्यायचं नव्हतं. हातमोजे चढवून त्यांनी बिया चाळून पाहिल्या. सगळ्या मऊ पडल्या होत्या, दाबल्या की काळं पाणी यायचं. माती डब्यात गेली, झाकण लागलं. त्यांनी हातमोजे काढून टाकले. मग वाकून डब्याच्या झाकणाला बोटं लावली, कपाळाला लावली आणि माझ्याकडे पाहिलं.

"असंच ना?"

डाव्या हाताने केलं होतं त्यांनी. मी म्हटलं, "हो, असंच." मग आम्ही दोघांनी नळावर हात धुतले.