काकांची ओळख पटेना

माझी मावशी घरी पडदे शिवते. लोकांच्या खिडक्या झाकण्यात तिचं आयुष्य गेलं, त्यामुळे कुठे काही उघडं राहिलं की तिला चैन पडत नाही. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर तिने अस्तराची चिंधी लावली आहे, तीसुद्धा कडा दुमडून, टीप घालून. तिचा पासवर्ड इतका लांब, की टाकताना मध्ये एकदा श्वास घ्यावा लागतो. सख्ख्या बहिणीने, म्हणजे माझ्या आईने, लिंक पाठवली तरी ती उघडत नाही. "काय आहे ते तोंडाने सांग," म्हणते. आई तोंडाने सांगू लागली, की मात्र फोन ठेवून देते.

आवाजाची हुबेहूब नक्कल करून फसवतात हे ऐकल्यापासून तिने घरात नियम केला. अनोळखी नंबरावरून आपलं माणूस काही मागू लागलं, तर आधी त्याला प्रश्न विचारायचा. उत्तर फक्त घरच्यांना ठाऊक असेल असा. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, तेव्हा हसले होते.

त्या दुपारी मी तिच्याकडे बसलो होतो. फोन वाजला. नंबर अनोळखी. तिने स्पीकर लावला.

"अगं, मी बोलतोय. माझी एक पँट घेऊन ताबडतोब ये."

काका तरणतलावावर पोहायला शिकवतात. त्यांचं म्हणणं असं, की ते अंघोळ करत असताना कुणीतरी त्यांची पिशवी आपली समजून घेऊन गेलं. पिशवीत कपडे, पोहण्याची चड्डी आणि बंद करून ठेवलेला मोबाईल. हा फोन काउंटरवरच्या बाईंचा, त्यांनी दाराच्या फटीतून आत दिलेला. काकांकडे एक टॉवेल उरला होता, तोही तोंड पुसायचा. कपडे बदलायची खोली एकच, आणि पाच वाजता तिथे बायकांची बॅच येणार. त्या बॅचमध्ये विहीणबाई होत्या, मावशीच्या सुनेच्या आई.

"कोण बोलतंय?" मावशी म्हणाली.

"अगं मी! तुझा नवरा!"

"सगळे असंच म्हणतात."

"सगळे? सगळे म्हणजे कोण?"

मावशीने माझा मोबाईल ओढून घेऊन काकांचा नंबर लावला. बंद. मग तलावाच्या ऑफिसचा लावला. तो नुसता वाजत राहिला.

"ऐक, ऐक! इथे ऑफिसचा फोन वाजतोय! तूच लावला असशील!"

"चोरांकडेही फोन वाजतात. आपल्या स्वयंपाकघरातल्या पडद्याचा रंग सांगा."

पलीकडे कुठेतरी नळ ठिबकत होता. इतकी वर्षं त्या पडद्याशेजारी बसून चहा प्यालेला माणूस डोळे मिटून आपल्याच घरात फिरत होता, आणि प्रत्येक खिडकी त्याला उघडी दिसत होती.

"निळा?"

मावशीने नकारार्थी मान हलवली.

"हिरवट? बरं, पांढरा. नक्की पडदा आहे ना तिथे?"

मावशीचा चेहरा मवाळ झाला. फोनवर हात ठेवून ती मला म्हणाली, "हेच आहेत रे. चोर असता तर अभ्यास करून आला असता."

तिने कपाटातून पँट काढली, चपलेत एक पाय घातला. एवढ्यात फोनमधून कुणीतरी लांबून ओरडल्यासारखं वाटलं आणि काका खणखणीत आवाजात म्हणाले, "गर्द जांभळा! बारीक पिवळी पानं, खाली दुहेरी झालर!"

मावशी थबकली. "मेला चोर!" म्हणत तिने फोन कापला आणि नंबर ब्लॉक केला.

"पण उत्तर बरोबर होतं ना?" मी विचारलं.

"म्हणूनच! यांना झालर हा शब्द ठाऊक नाही."

तिकडे घडलं होतं ते एवढंच. दाराबाहेरून सगळं ऐकून काउंटरवरच्या बाईंना काकांची दया आली. त्यांनी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर मावशीचं नाव शोधलं. तिने गिऱ्हाइकांसाठी टाकलेले पडद्यांच्या नमुन्यांचे फोटो निघाले, त्यात तिचं स्वयंपाकघरही होतं, आणि फोटोखाली मावशीनेच सगळं वर्णन लिहिलं होतं. बाईंनी ते तिथूनच ओरडून वाचून दाखवलं.

पाच वाजून गेले. फोन पुन्हा वाजला. या वेळी नाव उमटलं: विहीणबाई.

"अहो विहीणबाई, लग्नात आम्ही जावयाला सूट शिवला. व्याह्यांनाही शिवायला हवा होता, हे तेव्हा लक्षातच आलं नाही हो!"

मावशीने एकही प्रश्न विचारला नाही. "हा टोमणा नक्कल करून येत नाही," म्हणाली, आणि आम्ही पँट घेऊन पळत सुटलो.

काका शिकाऊंनी पाण्यात धरायच्या तरंगफळ्यांच्या कोठीत लपले होते. पुढे एक फळी, मागे एक फळी. दारातून ओला हात बाहेर आला, पँट घेऊन आत गेला.

मावशी काउंटरवर गेली. कॉम्प्युटरवर तिचं स्वयंपाकघर अजून तसंच उघडं होतं. पडदा, त्यामागची खिडकी, खिडकीची कडी, ओट्यावरची किल्ली. परक्या जागी आपलं घर पाहताना माणूस पाहुण्यासारखा अवघडतो, तशी ती उभी राहिली. मग स्वतःच्या फोनवरून तिने ते फोटो एकेक करून काढून टाकले.

"गिऱ्हाइकांना पडदे दाखवीन," ती बाईंना म्हणाली, "घर नाही."

काका बाहेर आले. पाण्यातून विहीणबाईंनी हात हलवला. काकांनी मान तुकवली, एखाद्या सभेला आल्यासारखी.

आम्ही घराकडे निघालो. रस्त्यात काकांनीच विचारलं, "आता नवा प्रश्न कोणता ठेवणार?"

"शोधतेय. तुम्हाला येईल आणि जगाला येणार नाही, असा एकही सापडत नाहीये."

"विहीणबाई मला काय म्हणाल्या, ते विचार. ते मी जन्मात विसरणार नाही."

"ते नको," मावशी म्हणाली. "ते उद्यापर्यंत सगळ्या जगाला ठाऊक असेल."