पुढच्या स्प्रिंगा मऊच

सोलापुरात ‘कडक’ म्हणजे कौतुक. भाकरी कडक, चहा कडक, ऊन तर इतकं कडक की त्याचाही आम्हाला अभिमान. त्यामुळे ड्रॅग रेससाठी, म्हणजे सरळ रस्त्यावरच्या शर्यतीसाठी, गाडीच्या पुढच्या स्प्रिंगा मऊ करायच्या असं मी म्हणाले, तेव्हा काहीतरी अभद्र बोलल्यासारखं दादाने माझ्याकडे पाहिलं.

गाडी वडिलांची. दोन दारांची, लांब नाकाची जुनी स्पोर्ट्स कार, इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. ते गेल्यावर ती अक्कलकोट रोडवरच्या आमच्या टॉवेलच्या कारखान्यामागे शेडमध्ये पडून होती. उंदरांनी वायरी खाल्ल्या तेव्हा दादाला ती दिसली नाही. मी कितीतरी रविवार तेलात हात काळे करून ती चालू केली, आणि चालू झाल्याबरोबर त्याला आठवलं की थोरला तो आहे. आयत्या बिळावरचा नागोबा आमच्या घरात मिशा ठेवून फिरतो.

पहिल्या रेसला स्प्रिंगा त्याच्या पसंतीच्या होत्या. आखूड, जाड तारेच्या, लालभडक. रेस एका बंद पडलेल्या धावपट्टीवर होती. दिवा हिरवा झाला, मी क्लच सोडला, आणि मागची चाकं जागच्या जागी फिरून धूर काढत बसली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. धुराला शिट्ट्या मिळतात, पण वेळ जातो तो जातोच. शेजारची गाडी केव्हाच पुढे निघून गेली होती.

परतताना दादा म्हणाला, “तुला गाडी सोडता येत न्हाय. पुढच्या टायमाला पण असंच झालं, तर स्टिअरिंगवर मी बसनार. तू टॉवेल बघ.”

मी “बरं” म्हणाले. रागात म्हणाले, पण शब्द दिला तो दिला.

चूक माझ्या पायाची आहे हे मला पटत नव्हतं. कुणीतरी काढलेला व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला. सुटताना गाडीचं नाक तसूभरही वर येत नव्हतं. पुढून ती इतकी ताठ की वजन मागे झुकायला वावच नाही, आणि मागच्या चाकांवर भार पडल्याशिवाय ती रस्ता धरणार कशी? मऊ स्प्रिंगांनी गाडी वळणावर डुलते, ब्रेक लावला की नाक खाली घालते, मान्य. पण ड्रॅगच्या रस्त्याला वळण नसतंच.

“मग लोकं येडी हायत व्हय, कडक टाकनारी?” दादा म्हणाला. लोक वेडे नव्हते. त्यांना वळणं घ्यायची होती, मला नाही.

एमआयडीसीत स्प्रिंगा वळून देणारा एक मिस्त्री आहे. मी सांगितलेली तार पाहून तो हसला. “अक्का, ही गादीत घालायला बरी हाय.”

“तुमी वळा की. गादीत घालायची का गाडीत, ते मी बघते.”

पहिली जोडी फसली. कारखान्याच्या आवारात गाडी सोडली तर नाक वर गेलं, आपटलं, पुन्हा वर गेलं. दादा खुर्ची टाकून बघत बसला होता. “बेडूक पाळलास की,” म्हणाला. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी लगेच पाना हातात घेतला. काढलेली स्प्रिंग सळईत ओवून उभी केली, वर फळी ठेवली आणि वजन केलेल्या टॉवेलच्या गाठी एकेक करून चढवल्या. एक इंच दबायला किती भार लागतो, तोच स्प्रिंगचा खरा स्वभाव. कडक आणि मऊ या नुसत्या तोंडच्या गोष्टी. लाल स्प्रिंग गाठींची थप्पी चढली तरी ढिम्म, नवी दुसऱ्याच गाठीला बसली. मला या दोघींच्या मधली हवी होती, मऊच्या बाजूला झुकलेली. मिस्त्रीला तार तीच ठेवून एक वेढा कमी करायला सांगितला. वेढा कमी झाल्याने नवी जोडी किंचित ताठ झाली.

“लाल स्प्रिंगा डिकीत तरी टाक,” दादा म्हणाला, “तितं बदलता येतील.” मी त्या त्याच्यासमोर भंगारवाल्याला दिल्या.

दुसऱ्या रेसला त्याच धावपट्टीवर गाडी लावली. पुन्हा धूरच निघाला असता तर किल्ली द्यावी लागली असती, आणि मी ती मुकाट्याने दिलीही असती, याचीच मला जास्त चीड येत होती. दिवा हिरवा झाला. नाक उचललं, काचेतून नुसतं आभाळ दिसलं, पाठ सीटला चिकटली. धूर नाही, शिट्टी नाही. पलीकडच्या टोकाला वेळेची चिठ्ठी हातात आली तेव्हा कळलं, मागच्या खेपेपेक्षा एका सेकंदाहून जास्त वेळ वाचला होता.

दादाने चिठ्ठी उलटीसुलटी पाहिली. “वारं पाठीमागनं हुतं,” म्हणाला. मग गाडीभोवती फिरला, पुढच्या चाकावरचा पत्रा दाबून पाहिला, हात तिथेच ठेवून उभा राहिला.

“एक डाव मी मारू का?”

जन्मात पहिल्यांदा त्याने मला विचारलं होतं. सायकल, रस्त्याकडची खोली, कारखान्यातली वडिलांची खुर्ची, सगळं त्याने नुसतं घेतलं होतं आणि दर वेळी मी सरकून जागा दिली होती. आज चेहरा पाडून तो विचारत होता, आणि सवयीने माझा हात किल्लीकडे गेलासुद्धा.

“न्हाय,” मी म्हणाले, हेल्मेटचा पट्टा आवळला आणि गाडी पुन्हा रांगेत लावली.