शेजारणीचा झिरा

आमची वस्ती म्हंजे शहराचं शेपूट. तेरणा नदीच्या पल्याड शहर, अल्याड आमी. पूर्वी हितं नुसता चिंचेचा मळा व्हता म्हनं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला आलेली मानसं काम संपलं तरी गेली न्हायत, पत्रे टाकून हितंच बसली. पुढं दूध सोसायटीचं शेड झालं अन् आमी सवताला शहरवाले समजाय लागलो.

पानी मात्र नदीचंच. नदी आटली की चार-पाच घरांत मिळून एक झिरा, म्हंजे वाळूत खड्डा. तळाला पाझरंल तेवढं वाटीनं उपसायचं अन् घागर भरायची. आमचा झिरा लई चिक्कू. घागर भरंस्तवर बायका वाळूत बसून ऱ्हायच्या, अन् तीच माझी जत्रा. म्या ढकलत ढकलत धाव्वीपतुर गेलेली पोरगी, पन आवाज कुनाचाबी काढायची. सोसायटीचा चेरमन काढायची, "भगिनींनो, दुधात पानी घालू नका!" लगीच म्हातारीच्या आवाजात, "घालू कुठनं साहेब? म्हशीलाच प्यायला न्हाय!" बायका लोळायच्या. वस्तीतली एक मावशी म्हनायची, "गप गं भवाने, वाटी सांडली माझी!"

मग शेजारच्यांची नवी सून आली, माकणी गावची. आली तशी तिनं नदीकाठच्या बाभळीखाली झिरा खांदला. तिथं नुसता खडक हाय, हे शेंबडं पोरगंबी सांगंल. म्या तिची फावडं मारायची तऱ्हा काढून दाखवली, समदी वस्ती हसली.

पानी लागलं.

आमच्यात नव्या झिऱ्याचं पानी डाळ शिजवून पारखतेत. आमच्या पान्यात तुरीची डाळ दुपारपतुर गोट्यावानी टनक. तिच्या पान्यात लोनी. तिची सासू ती डाळ वाटीत घेऊन दारोदार फिरली, बारशाचे पेढे वाटावेत तशी. माझ्या सख्ख्या आईनं बोट चाटलं अन् म्हनली, "काय मऊ झालीया गं!"

दुसऱ्या दिवशी समद्या घागरी बाभळीखाली. आमच्या झिऱ्यापाशी म्या अन् एक टिटवी. टिटवीला काय हसता येत न्हाय.

शेवटी आईच म्हनली, "नाक मुरडत बसू नगं, तिकडनंच आन." गेले. गेल्या गेल्या सोसायटीत दुधाची डिग्री बघनाऱ्याचा आवाज काढला, नाकातनं बोलनारा. त्येचं पयलं वाक्य व्हस्तवर एक घागर भरली, बाई डोक्यावर घेऊन चालती. दुसऱ्या वाक्याला दुसरी गेली. त्या झिऱ्याला पानीच एवढं, थांबतंय कोन? मावशीबी म्हनली, "उद्या सांग गं."

माझी घागर आली. सूनबाई वाटी बुडवाय लागली, पन अशी सावकाश, की जनू वाटी तापलीया. मागची बाई वराडली, "अगं, हात चालव की!"

"थांबा वो आत्या, वाळू वर येती," ती म्हनली. पानी तर काचंवानी व्हतं. मग खाली बघतच हळू मला म्हनली, "वन्सं, पुढं काय म्हनला त्यो नाकातला?"

सांगितलं. ती पदर तोंडात धरून हसली, मागची आत्याबी हसली. अन् मला तर जास्तच झोंबलं. पानी हिचं, डाळ हिची, आता माझी जत्रा भरवायचीबी हिच्याच हातात.

भरली घागर घेऊन तरातरा निघाले. दुसऱ्या दिवशी मात्र मुद्दाम मोठी घागर नेली.