सत्तेचाळीस नंबरचा जबडा

दंतमहाविद्यालयाच्या तळघरातल्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे मिलिमीटरकाका म्हणत. तोंडावर काका, पाठीमागे नुसतं मिलिमीटर. चौतीस वर्षं या माणसाने कवळ्या केल्या. मेणात दात बसवताना समोरची रेघ केसभर जरी कलली, तरी सगळं मेण वितळवून पहिल्यापासून सुरुवात. एखादा तरुण डॉक्टर "चालेल हो, काका" म्हणाला, तर ते चष्म्यावरून असं बघत की त्या बिचाऱ्याला आपली पदवी खरी आहे की नाही अशी शंका यावी.

त्यांचा आणखी एक खाक्या होता. घरच्यांचं काम शेवटी. बायकोच्या दाताची कॅप असो की सख्ख्या बहिणीची कवळी, त्यांचा ट्रे रांगेत सगळ्यांत मागे. आपल्या माणसांचं आधी केलं असं कुणी म्हणायला नको. शेवटी बायकोने कंटाळून दुसऱ्याच कारागिराकडून कॅप करून आणली. काकांना त्याचाही अभिमान वाटला, आता बोला!

बहीण म्हणजे ताई. काकांहून नऊ वर्षांनी मोठी. आई दिवसभर कामावर, त्यामुळे यांना न्हाऊमाखू घातलं, अक्षर गिरवायला लावलं ते ताईनेच. तिच्या खालच्या दाढा बऱ्याच वर्षांपूर्वी गेल्या. काकांनी तिला चार वेळा कवळी करून दिली आणि दर वेळी विचारलं, "बसली का नीट?" ताई दर वेळी म्हणाली, "झकास बसली रे." मात्र जेवायची वेळ झाली की तिचं ठरलेलं वाक्य येई, "तुम्ही बसा, मी मागाहून बसते." काकांना वाटे, ताईला वाढायची हौसच आहे.

एक दिवस संशोधन करणाऱ्या डॉक्टर मॅडम जिना उतरून तळघरात आल्या. वयाने काकांच्या मुलीएवढ्या, बोलायला मऊ, कामाला कडक. दात गेला की त्याखालच्या हाडाला काम उरत नाही, आणि ते हळूहळू विरत जातं. जबड्याची कड इतकी झिजते की कवळीला टेकायला जागा राहत नाही, आणि स्क्रू घालून पक्के दात बसवायचे तर तेवढी उंचीही उरत नाही. मॅडम अशा लोकांची हिरडी उघडून आत हाडाचे बारीक दाणे भरत होत्या. निम्म्या पेशंटना नेहमीचे, निम्म्यांना नव्या जातीचे. कुणाला कोणते, हे पेशंटला ठाऊक नाही आणि मोजणाऱ्यालाही नाही. सहा महिन्यांनी एक्स-रे काढायचा आणि जबड्यातल्या नसेच्या नळीपासून वरच्या कडेपर्यंत हाड किती भरलं ते मोजायचं. दहा मिलिमीटर भरलं तर स्क्रू बसणार. कमी भरलं तर या अभ्यासात पुढे काही नाही.

मोजणारे दोघं हवे होते. एक एक्स-रे विभागातल्या बाई होत्या, दुसरा नोकरी सोडून गेला होता.

"काका, तुमच्यासारखा डोळा मला कुठे मिळणार?" मॅडम म्हणाल्या.

काकांनी आठवडाभर आढेवेढे घेतले आणि मग हो म्हटलं. मॅडमनी त्यांना शेजारी बसवून शिकवलं. नवं हाड पांढरंशुभ्र दिसत नाही, करडं दिसतं, धुरकट. ते करडं जिथे संपतं तीच कड धरायची, सगळ्यांना तीच. आणि पेशंट ओळखीचा निघाला तर हात थांबवून लगेच सांगायचं.

"नावाच्या जागी आकडा आहे, मॅडम," काका हसले. "जबड्यावरून कोण कुणाला ओळखतंय?"

पण नाव झाकता येतं, दात कसे झाकणार? सत्तेचाळीस नंबरची फिल्म पडद्यावर आली आणि काकांचा हात माउसवरच थांबला. खालच्या डाव्या सुळ्यावर धातूची कॅप होती आणि कॅपच्या मागच्या अंगाला एक छोटीशी पायरी. कवळीचा तारेचा आकडा घसरू नये म्हणून ती पायरी काकांनीच काढली होती, वीस वर्षांपूर्वी, दोन दिवस घासून. अशी पायरी दुसरं कुणी करत नसे. फिल्ममधली सुळ्याची पांढरी सावली त्यांना स्वतःच्या सहीसारखी ओळखू आली.

ताई इथे आली होती, त्यांना न सांगता. हिरडी कापून घेतली, सहा महिने काढले, आणि एका शब्दाने बोलली नाही. म्हणजे चारपैकी एकही कवळी बसली नव्हती. "तुम्ही बसा, मी मागाहून बसते" याचा अर्थ त्यांना आत्ता, त्या खुर्चीत बसल्या बसल्या लागला. ताई कवळी काढून, कुणी बघत नसताना, एकटी जेवत होती. किती वर्षं, कोण जाणे. काकांना वाईट वाटलं, रागही आला, आणि त्या दोन्हींहून जास्त लाज वाटली.

तिथेच उठून मॅडमना सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे अख्ख्या विभागापुढे कबूल करायचं, की ज्याच्या कवळ्यांची एवढी ख्याती त्याला सख्ख्या बहिणीची एक कवळी जमली नाही. शिवाय त्यांनी मनाशी म्हटलं, मी कुठे तिच्या बाजूने मोजणार आहे! मी काय तसला माणूस आहे का?

त्यांनी मोजलं. दहा पूर्णांक एक. पुन्हा मोजलं, तेवढंच. आणि मग त्यांना स्वतःचाच संशय आला. तुला हवं ते दिसतंय, गड्या. हे करडं म्हणजे हाड की नुसता धूर? त्यांनी रेघ खाली ओढली, धूर सोडून, जिथून पांढरं सुरू होतं तिथपर्यंत. नऊ पूर्णांक दोन. तोच आकडा लिहून ते घरी गेले आणि आपण सचोटीने वागलो असं बायकोला न सांगता स्वतःलाच चार वेळा सांगितलं. जेवण मात्र गेलं नाही.

दोघांच्या मोजण्यात अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक पडला, तर दोघांनी मिळून फिल्म पुन्हा बघायची असा नियम होता. एक्स-रेवाल्या बाईंचं माप दहा पूर्णांक दोन आलं होतं. दुसऱ्याच आठवड्यात मॅडमनी दोघांना बोलावलं.

"मी कड इथे धरली," बाई पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या. "तुम्ही एवढे आत का आलात, काका?"

काकांनी पडद्यावरच्या सुळ्याच्या कॅपवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "ही माझी ताई आहे."

मॅडमनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली. "आणि जास्त दिलं असं होऊ नये, म्हणून तुम्ही कमी दिलंत?"

"कमी नाही दिलं, मॅडम. कडक मोजलं."

"आतापर्यंत एकशे दहा जबडे मोजलेत, काका. बाकी कुणाला कडक नाही मोजलंत. फक्त तिलाच."

ती फिल्म मापासाठी दुसऱ्या गावच्या महाविद्यालयात गेली. काकांची सगळी मापं पुन्हा तपासली गेली आणि एक सोडून सगळी बरोबर निघाली. त्या एकाचा आकडा पुढे किती आला ते त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि विचारायचं धैर्य त्यांनाही झालं नाही. काकांनी तीन आठवडे कसेबसे काढले. नऊ पूर्णांक दोन खरं निघालं तर ताईचे दात गेले, आणि खोटं निघालं तर ते आपणच घालवायला बसलो होतो, यातलं काय बरं, तेही त्यांना ठरवता येईना.

मग भाचीचा फोन आला. "मामा, आईला स्क्रू बसवायला बोलावलंय! तुला सांगू नको म्हणाली होती, पण मला राहवेना."

रविवारी दुपारी काका ताईकडे गेले. ताई स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. त्यांनी सगळं सांगून टाकलं, पायरीपासून नऊ पूर्णांक दोनपर्यंत. ताईचे हात चालूच होते. ती रागावेल म्हणून ते वाट बघत राहिले.

"लहानपणी संत्रं वाटायला मी तुझ्याकडे द्यायची," ती शेवटी म्हणाली. "तू सगळ्यांना सारख्या फोडी द्यायचास आणि स्वतःला एक कमी ठेवायचास. मी सगळीकडे कौतुक सांगत फिरायची. तिथेच चुकलं माझं."

"त्यात काय चुकलं?"

"पुढे तू आम्हालाही 'स्वतः'तच धरायला लागलास."

काकांनी मान खाली घातली. चष्मा काढून उगाच पुसला, पण चष्म्याला काही झालेलं नव्हतं.

"तूही खोटं बोललीस की," ते म्हणाले. "झकास बसली म्हणे. चार वेळा."

"बोलले. तू आधी तिकडे रात्रंदिवस खपायचास, आणि मग असा तोंडाकडे बघत बसायचास. काय सांगणार होते मी?"

ताईने भात आणि मऊ शिजवलेली भाजी वाढली. एक ताट काकांपुढे ठेवलं. काका नेहमीचं वाक्य ऐकायच्या तयारीत होते. ताईने दुसरं ताट वाढून घेतलं आणि त्यांच्यासमोरची खुर्ची ओढली. मग तिने तोंडातली कवळी काढली, त्यांनी केलेली चौथी, आणि वाटीत ठेवून वाटी बाजूला सरकवली. गाल आत गेले. तो चेहरा काकांनी कधीच पाहिला नव्हता. त्यांची नजर सवयीने हनुवटीवरून जबड्याच्या कडेकडे गेली.

"मापू नकोस," ताई तशाच आत गेलेल्या गालांनी म्हणाली. "जेव."

काका जेवायला लागले. ताईला एक घास गिळायला बराच वेळ लागत होता, म्हणून त्यांनीही सावकाश खाल्लं.