मिल थांबवणारा माणूस

तुमसरजवळच्या एका राईस मिलमध्ये मी बऱ्याच वर्षांपासून मॅनेजर आहे. तिथे मशीन चालवणारा एक ऑपरेटर होता, शेजारच्याच खेड्यातला, वयाने माझ्याहून मोठा. धानाचा दाणा दाताखाली फोडून तो सांगायचा, "अजून ओला हाय साहेब. आता टाकाल तं तांदळाची चुरी होईल." ओलावा मोजायचं यंत्र ऑफिसात होतं, तरी मी त्याच्या दातांवर विसंबायचो. त्याला मात्र हे मी कधी बोललो नाही. काम नीट झालं की गप्प राहायचं आणि बिघडलं की ओरडायचं, एवढीच साहेबकी मला ठाऊक होती. माझ्या आधीचे मॅनेजरही तसेच वागले असावेत.

ऐन हंगामातली दुपार होती. रस्त्यावर धानाचे ट्रक उभे होते आणि मिल एकाएकी बंद पडली. त्याने मेन स्विच पाडला होता. चालती मिल अशी थांबली की धान जागच्या जागी तुंबतं, ते उपसायला दिवस जातो. मी खाली उतरण्याआधीच मालकांचा फोन आला.

"काहून बंद पडली?"

"ऑपरेटरची चूक झाली," मी म्हणालो. कोणालाही न विचारता.

मग खाली जाऊन सगळ्यांसमोर त्याला वाट्टेल तसं बोललो. "साहेब, ते बाई..." एवढंच तो म्हणाला. "तू मला शिकवू नको," मी म्हणालो. तोवर मी त्याला अहो-जाहो करत होतो.

संध्याकाळी झाडझूड करणारी बाई पायरीवर बसलेली दिसली. लुगड्याचा पदर खांद्यापासून फाटलेला, त्यावर काळं ग्रीस, गळ्याभोवती लाल वळ. तिला काही विचारावं लागलं नाही. पदर मशीनच्या फिरत्या पट्ट्यात ओढला गेला होता. त्याने मिल थांबवली नसती तर तिची मान गेली असती.

मला सगळं कळलं, पण रजिस्टरमध्ये मी 'निष्काळजीपणा' असं लिहून बसलो होतो. उद्या मालकांना सांगू, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी मालकच म्हणाले, त्याला मशीनवरून काढा. मी त्याला कोंड्याच्या खोलीत पाठवलं. खरं काय ते सांगायला मला पुरतं एक मिनिट होतं. ते मी जाऊ दिलं.

त्या खोलीत पिठासारखी बारीक धूळ उडत असते. तो तोंडाला दुपट्टा बांधून पोती भरायचा. काही महिन्यांत त्याचा खोकला ऑफिसपर्यंत ऐकू येऊ लागला. मी खिडकी लावून घ्यायचो.

दसऱ्याला मशीनची पूजा झाली. मालकांनी मला शाल-नारळ दिला आणि मिल माझ्यामुळे चालते, असं सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मागे भिंतीशी टेकून त्यानेही वाजवल्या. त्याच्या चेहऱ्यावर राग शोधला, तो दिसला नाही.

दिवाळीनंतर तो कामावर आला नाही. महिनाभराने मी त्याच्या घरी गेलो. अंगणात खाटेवर उशांना टेकून बसला होता. आडवं झालं की दम लागायचा. बायकोने पाणी दिलं आणि ती दाराशी उभी राहिली.

"तुमचं चुकलं नव्हतं," मी म्हणालो. "मला त्याच दिवशी समजलं होतं."

त्याने दाराकडे बोट केलं. मग म्हणाला, "मले मालूम हाय साहेब. हिले सांगा."

मी तिच्याकडे वळून सगळं सांगितलं. बाईचा पदर, स्विच, माझा फोन, रजिस्टर. तिने ऐकून घेतलं.

"हे मले कधी सांगत नोयते," ती म्हणाली. "मी म्हणो, हातची मशीन घालवली, डोये कुठं होते तुमचे? वरीसभर बोलून राहिली मी यायले. आता त्याचं काय करू?"

त्याने हात हलवून तिला गप्प बसायला सांगितलं आणि खोकत राहिला.

दुसऱ्या सकाळी मालकांना सांगितलं. "आता कायले काढता ते?" एवढंच ते म्हणाले. मग मी सगळ्या मजुरांना एकत्र बोलावून ऑपरेटरने काय केलं होतं आणि मी काय केलं, ते बोललो. कोणी टाळी वाजवली नाही. ती झाडणारी बाई पुढेच उभी होती.

"आमाले तं तवाच मालूम होतं, साहेब," ती म्हणाली, आणि झाडू उचलून कामाला लागली.

उन्हाळी धान यायच्या आधी तो गेला. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं खराब झाली होती. धुळीने की बिडीने, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तिथेही मला भीतीच वाटली.

आता कोणी चांगलं काम केलं की मी त्याच दिवशी, त्याच्या मशीनपाशी जाऊन, काय चांगलं केलं ते नेमकं सांगतो. मालकांचा फोन आला तर त्याचं नाव घेतो. मिल थांबली तर आधी विचारतो, कशासाठी थांबवली? पण माणसं अवघडतात. परवा तांदळाला पॉलिश करणाऱ्या मशीनवरच्या माणसाला म्हणालो, आजचा तांदूळ तुमच्या हातामुळे असा निघाला. त्याने घाईघाईने हात पुसले, माझ्याकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "काय झालं साहेब? मले काढून राहिले का?"